सार्जंट क्रेमरला बढती देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'कोलंबो' ही लॉस एंजेलिसमधल्या लेफ्टनंट कोलंबो या गुप्तहेर पोलिसाची जुनी अमेरिकन मालिका पाहता पाहता तुम्हाला त्याच्या हाताखालचा सार्जंट क्रेमर आवडायला लागला. दोन-चार वाक्यं बोलून निघून जाणारा माणूस. त्याच्यावर तुम्ही फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्याने मूळ पात्रं घेऊन रचलेली गोष्ट, लिहायला घेतलंत. पहिल्या मसुद्यात कोलंबो सुट्टीवर गेलाय आणि क्रेमर एकट्याने एका खुनाचा छडा लावतो. वाचणाऱ्यांचं म्हणणं पडलं की गोष्ट ठीक आहे, पण हा क्रेमर वाटत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की इतक्या तोकड्या पात्रासाठी मालमसाला आणायचा कुठून, त्याला बायकोपोरं द्यायची का, मालिकेतच दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या असतील तर खरं काय धरायचं, आणि मिसेस कोलंबोला गोष्टीत आणलं तर चालेल का.

मी गेली बरीच वर्षं रहस्यमालिकांवर फॅन फिक्शन लिहितेय आणि त्याहून जास्त, बीटा रीडर म्हणून, म्हणजे मसुदा वाचून सूचना देणारी म्हणून, इतरांचं वाचतेय. तुमचा मसुदा दोनदा वाचला. भाषा साफ आहे, खुनाची गुंतागुंतही नीट बसवलीय. घोटाळा एकाच जागी झालाय: तुम्ही क्रेमरला बढती दिलीत. छोट्या पात्रावर जीव जडला की हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. मालिकेने त्याच्यावर अन्याय केला असं वाटतं, मग आपण त्याला न्याय द्यायला जातो, आणि न्याय म्हणून नायकाची खुर्ची देतो. त्या खुर्चीत बसल्यावर तो नायकासारखाच विचार करायला लागतो. म्हणजे आपल्याला जो आवडला होता, तोच हातचा जातो.

तेव्हा आधी क्रेमर तिथे कशासाठी आहे ते पाहू, कारण बाकी सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या मालिकेच्या जनक जोडीने कोलंबोची मांडणी उलटी केली. खून कुणी केला आणि कसा केला, हे प्रेक्षकाला आधीच दाखवून टाकायचं. 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' हा पहिला टेलिचित्रपट १९६८ चा, आणि एनबीसीवर नियमित मालिका सुरू झाली १९७१ मध्ये. या मांडणीमुळे बऱ्याच भागांत सुरुवातीचा मोठा वेळ कोलंबोचं काम करणारा पीटर फॉक पडद्यावर दिसतच नाही. तो येतो तेव्हा घटनास्थळी पोलिसांचं काम निम्मं उरकलेलं असतं. फोटो काढून झालेत, घरच्यांशी बोलून झालंय, आणि कुणीतरी 'अपघात' किंवा 'घरफोडी' असा निष्कर्षही काढून ठेवलाय. हे 'कुणीतरी' म्हणजे क्रेमरसारखा सार्जंट.

आता यात एक नाजूक गोष्ट आहे. सार्जंट चुकला पाहिजे, पण मूर्ख ठरता कामा नये. तो मूर्ख असेल तर त्याच्यापुढे हुशार ठरण्यात कोलंबोचं काय मोठेपण? म्हणून क्रेमर तोच निष्कर्ष काढतो जो कुठलाही अनुभवी, प्रामाणिक, दिवसाला चार केसेस हाताळणारा पोलीस काढेल. खुन्याने सगळा देखावा उभा केलेला असतो तो नेमका अशाच माणसासाठी. म्हणजे खुनी बुद्धिमान आहे, याचा पहिला साक्षीदार क्रेमर असतो. तुमच्या मसुद्यातला क्रेमर पहिल्याच पानावर गालिच्यावरच्या डागावरून शंका घेतो. त्या क्षणी तो कोलंबो झाला.

दुसरी गोष्ट, मालिकेने कोलंबोला कायमचा जोडीदार दिलाच नाही. १९७२ च्या 'एट्यूड इन ब्लॅक' या भागात बॅसेट हाउंड जातीचा कुत्रा आला आणि तो पुढेही येत राहिला, पण सार्जंट बदलत राहिले. क्रेमर कधी असतो, कधी नसतो. बरेच जण याला पात्राचा दुबळेपणा समजतात. मला ती सोन्याची खाण वाटते, कारण याचा सरळ अर्थ असा की उरलेले दिवस तो दुसऱ्या लेफ्टनंटांच्या हाताखाली काम करतो. साध्या लेफ्टनंटांच्या! ज्यांना पहिला निष्कर्ष पटतो, जे कागदावर सही करतात आणि संध्याकाळी घरी जातात. कोलंबोबरोबर काम करणं म्हणजे काय, हे या माणसाइतकं आतून कुणाला माहीत असणार? आपण प्रेक्षकांनी कोलंबोशिवाय दुसरा पोलीस अधिकारी नीटसा पाहिलेलाच नाही. क्रेमरने पाहिलेत.

मालमसाल्याचं म्हणाल तर पडद्यावर आहे तो आधी पूर्ण वेचा. ब्रूस कर्बी या नटाने क्रेमर केला. 'बाय डॉन्स अर्ली लाइट' (१९७४), 'आयडेंटिटी क्रायसिस' आणि 'अ डेडली स्टेट ऑफ माइंड' (दोन्ही १९७५), 'लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर' (१९७६) आणि मग चौदा वर्षांनी 'अजेंडा फॉर मर्डर' (१९९०). हे भाग ओळीने पाहा. एकदा नेहमीसारखे, आणि एकदा आवाज बंद करून फक्त क्रेमरवर नजर ठेवून. तो दाराजवळ उभा राहतो की खोलीच्या मधोमध? हातात वही आहे की नाही? कोलंबो बोलत असताना तो कोलंबोकडे बघतो की ज्याची चौकशी चाललीय त्याच्याकडे? खोलीतून कधी बाहेर पडतो, आणि कुणी सांगितल्यावर की आपणहून? संवाद चार असले तरी अशा नोंदी चाळीस निघतील.

मी वहीच्या पानावर तीन रकाने आखते. पडद्यावर दिसलेलं, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं, आणि मी धरून चाललेलं. तिसऱ्या रकान्यासाठी वेगळ्या रंगाचं पेन घ्या. हे हास्यास्पद वाटेल, पण लिहिता लिहिता आपलं हेडकॅनन, म्हणजे पात्राबद्दल आपण मनाने धरलेलं, इतकं अंगवळणी पडतं की ते मालिकेतच होतं अशी खात्री वाटायला लागते. तुमच्या मसुद्यात 'क्रेमरच्या नेहमीच्या पेपरमिंटच्या गोळ्या' आहेत. मला त्या कुठल्याही भागात सापडल्या नाहीत. गोळ्या ठेवा, चांगल्या आहेत, फक्त 'नेहमीच्या' काढा आणि त्या पहिल्यांदाच दाखवतोय अशा दाखवा.

एक भाग जवळून घेऊ. 'बाय डॉन्स अर्ली लाइट' मध्ये लष्करी अकादमी आहे. तिचं चित्रीकरण दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमधल्या द सिटाडेल या खऱ्याखुऱ्या लष्करी महाविद्यालयात झालं. तिथला कर्नल रम्फर्ड समारंभाच्या तोफेच्या नळीत पुसायचं फडकं कोंबून ठेवतो, तोफ फुटते आणि तोफ डागणारा माणूस मरतो. रम्फर्डचं काम पॅट्रिक मॅकगुअनने केलं, त्याबद्दल त्याला एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला. कोलंबो या भागात मुलांच्या बराकीतच मुक्काम ठोकतो. शेवटी रम्फर्ड अडकतो तो सायडरमुळे, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसामुळे. कॅडेटांनी चोरून आंबवायला ठेवलेलं भांडं खिडकीबाहेर टांगलेलं होतं, ते दिसू शकेल अशी जागा म्हणजे तोफेजवळची, आणि तीही ठराविक वेळेला. ते आपल्याला कसं दिसलं, हे रम्फर्ड स्वतःच्या तोंडाने बोलून बसतो. (याच भागात एका कॅडेटचं काम ब्रूस कर्बीच्या खऱ्या मुलाने, ब्रूनो कर्बीने केलंय. बापलेक एकाच भागात आहेत हे कळल्यापासून क्रेमर त्या मुलांकडे कसा बघतो, इकडे माझं लक्ष जातंच.)

आता विचार करा. कोलंबो बराकीत राहतोय. एवढे दिवस क्रेमर काय करतो? कागद त्याच्याकडे, टेलिफोन त्याच्याकडे, वरिष्ठांची विचारणा त्याच्याकडे. इथे तुमची गोष्ट आहे. मी ती अशी सुरू करीन:

"क्रेमरने अहवालाचा पहिला परिच्छेद पुन्हा टाइप केला. तोफ जुनी होती, काहीतरी चुकलं, माणूस मेला. वाक्यं सरळ होती. त्याला सरळ वाक्यं आवडत. लेफ्टनंट अजून तिकडेच होते, पोरांच्या बराकीत. सकाळी त्यांचा फोन आला तो एवढंच विचारायला की सफरचंदाचा रस आंबायला किती दिवस लागतात. क्रेमरने बायकोला विचारलं, बायकोने तिच्या बहिणीला. आलेलं उत्तर त्याने एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं, पण ती चिठ्ठी फाइलमध्ये कुठे लावायची ते त्याला कळेना. बराच वेळ ती हातात धरून तो बसला. मग त्याने पेन्सिल उचलली आणि 'अपघात' या शब्दाशेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. शाईने काढायची अजून त्याची तयारी नव्हती."

ज्याने भाग पाहिलाय त्याला ठाऊक आहे की रम्फर्डचा फास त्या रसातच आहे. क्रेमरला ठाऊक नाही. मालिकेने प्रेक्षकाला खुन्याचं नाव आधी सांगून जे केलं, तेच इथे तुम्ही क्रेमरच्या जागेवरून करताय: वाचकाला जास्त माहिती, पात्राला कमी. क्रेमरने काहीही शोधून काढलेलं नाही, तरी त्याच्या आत काहीतरी हललं. छोट्या पात्राच्या गोष्टीत एवढी हालचाल पुरेशी असते. त्याहून जास्त ओढली तर मूळ भागाशी जोड सुटते.

यावर तुम्ही विचाराल की मग त्याला कधीच मोठा क्षण द्यायचा नाही का? द्यायचा, पण त्याच्या मापाचा. ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या शेरलॉक होम्स मालिकेतला 'द सिक्स नेपोलियन्स' (१९८६) पाहा. कॉलिन जीव्हन्सचा इन्स्पेक्टर लेस्ट्रेड नेहमीसारखा मागे राहतो, रहस्य होम्सच उलगडतो. मग लेस्ट्रेड म्हणतो की स्कॉटलंड यार्डात तुमच्याबद्दल कुणाला असूया नाही, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो, उद्या तिकडे आलात तर जुन्यात जुन्या इन्स्पेक्टरपासून नव्या शिपायापर्यंत प्रत्येक जण तुमचा हात हातात घ्यायला पुढे येईल. ही वाक्यं मूळ कथेतलीच आहेत. ती ऐकून जेरेमी ब्रेटचा होम्स, जो कुणापुढे सहसा विरघळत नाही, क्षणभर सावरू शकत नाही. त्या प्रसंगात लेस्ट्रेड होम्सपेक्षा हुशार ठरत नाही, पण होम्सला जे कुणीच देऊ शकलं नसतं ते देतो. क्रेमरकडे असं देण्यासारखं काय आहे, याचा शोध घ्या. माझ्या मते त्याच्याकडे धीर आहे. कोलंबोच्या विचित्र विनंत्या तो कुरकुरत का होईना, पार पाडतो.

असे धागे आणखी छोट्या, बिननावाच्या माणसांतही मिळतात. 'फरगॉटन लेडी' (१९७५) या भागात अंतर्गत चौकशी विभागाचा एक माणूस कोलंबोच्या मागे लागलेला असतो. ठराविक मुदतीने नेमबाजीची चाचणी द्यायची असते आणि कोलंबो कित्येक वर्षं तिकडे फिरकलेला नाही. शेवटी तो आपल्या जागी दुसऱ्याच एका पोलिसाला चाचणीला पाठवायचं ठरवतो. मालिकेच्या दृष्टीने ही हलकीफुलकी बाजू. पण ज्याने दुसऱ्याच्या नावावर गोळ्या झाडल्या त्याच्यासाठी ती नोकरीवर गदा आणू शकणारी गोष्ट आहे. त्याने होकार का दिला? पैशासाठी, की कोलंबोने कधीतरी त्याला सांभाळून घेतलं होतं? नेम किती चांगला लावायचा, हा तर विलक्षण प्रश्न: फार चांगला लागला तर कुणाचाच विश्वास बसणार नाही. त्याच भागाच्या शेवटी कोलंबो एका मरणाच्या दारातल्या बाईसाठी, जिला आपण काय केलं तेही आता आठवत नाही, दुसऱ्याने आपल्या अंगावर ओढून घेतलेला गुन्हा मान्य करतो. एकाच भागात दोघं जण दुसऱ्याच्या नावाने उभे राहतात. मालिकेने हे दोन धागे शेजारी ठेवलेत, जोडलेले नाहीत. जोडणं आपलं काम.

आता विसंगतीचं. सार्जंट विल्सन तुम्हाला माहीत असेल, बॉब डिशीने केलेला. 'द ग्रीनहाउस जंगल' (१९७२) मधला हा तरुण, नव्या पद्धतीचं शिक्षण घेतलेला, उत्साहाने फसफसणारा. त्याच भागात कोलंबो उतारावरून गडगडत घटनास्थळी पोचतो. तोच विल्सन 'नाउ यू सी हिम' (१९७६) मध्ये परत येतो, पण पहिल्यांदा त्याचं नाव फ्रेडरिक असतं आणि दुसऱ्यांदा जॉन. लेखकांच्या हातून सुटलेली गोष्ट आहे, उघड आहे. तरी लिहिणाऱ्याने 'चूक आहे' म्हणून पुढे जाऊ नये. तीन वाटा आहेत: एकच नाव पक्कं करून टाकायचं आणि सुरुवातीच्या टीपेत तसं सांगायचं, किंवा नुसतं 'विल्सन' म्हणायचं, कारण कोलंबोही तेच म्हणेल, किंवा विसंगतीलाच कथा मानायचं, म्हणजे ते दोघं वेगळे आहेत, भाऊ आहेत, किंवा एकाने नाव बदललंय. तिसरी वाट मोहात पाडते. ती फक्त तेव्हाच घ्या जेव्हा नावाच्या घोळापलीकडे सांगण्यासारखं काही असेल. नाहीतर गोष्ट कोड्याचं उत्तर होऊन बसते.

एकाच नटाने अनेक भूमिका केल्यात त्यांचंही असंच. व्हिटो स्कॉटी या भागात हॉटेलातला मुख्य वाढपी, त्या भागात शिंपी, तिसरीकडे अंत्यसंस्काराचं दुकान चालवणारा, चौथीकडे रस्त्यावरचा दारुडा. हे सगळे एकाच इटालियन कुटुंबातले चुलतभाऊ, अशी कल्पना घेऊन गमतीच्या गोष्टी लिहिता येतात आणि मला त्या आवडतात. पण तुमचा सूर गंभीर आहे. तुमच्या गोष्टीत हे आणू नका.

क्रेमरच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती विसंगती नव्हे, एक फट आहे. १९७६ मध्ये तो सार्जंट आहे आणि १९९० मध्येही सार्जंटच. मधली बरीच वर्षं मालिकाच बंद होती, हे बाहेरचं कारण. गोष्टीच्या आत मात्र चौदा वर्षं गेलीत. त्याच्याबरोबरचे वर गेले असतील, काही निवृत्त झाले असतील. त्याने परीक्षा दिली नाही, की दिली आणि जमली नाही, की जमूनही नको म्हणाला? कोलंबोही लेफ्टनंटच राहिलाय. दोघांपैकी कुणाला त्याची खंत आहे आणि कुणाला नाही, एवढ्यावर एक उत्तम कथा उभी राहते, तीही एकही खून न घालता.

बायकोपोरं द्या, बिनधास्त द्या. मात्र जेवढी त्या प्रसंगाला लागतील तेवढीच. वरच्या उताऱ्यात बायको आली ती सायडरच्या चौकशीपुरती. तुम्ही तिला आजारी पाडलंत, मुलाला व्हिएतनाममधून जखमी होऊन परत आणलंत, भावाला दारूत बुडवलंत. यातलं एकेक वेगळ्या गोष्टीत चालेल. सगळं एकत्र आलं की वाचकाला कळतं की लेखकाला पात्राच्या साधेपणावर भरवसा नाही.

आणि त्याला लॉस एंजेलिसमध्येच राहू द्या, त्याच काळात. तुमचा क्रेमर संध्याकाळी घरी येऊन चहा घेतो आणि सासूबाई त्याला वाढतात. मराठीत लिहिताना हे नकळत होतं, आपल्या घरातली माणसं तिकडे जाऊन बसतात. १९७४ चं कॅलिफोर्निया उभं करायला फार लागत नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, ती १९७४ च्या मार्चपर्यंत चालली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. कोलंबोच्या खिळखिळ्या प्यूजो ४०३ मागे आपली गाडी घेऊन शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या सार्जंटला त्या रांगा टळलेल्या नाहीत. मोबाइल नाही, म्हणजे कोलंबो कुठे आहे ते कळायला मार्ग नाही. अहवाल टाइपरायटरवर, खाली कार्बन पेपर घालून. अटकेतल्या माणसाची चौकशी करण्याआधी १९६६ पासून मिरांडा हक्क, म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क, वाचून दाखवावे लागतात. ते वाचून दाखवणं, साक्षीदाराचे जबाब घेणं, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या ऑफिसपर्यंत फाइल पोचवणं, ही सगळी कामं भाग संपल्यावर कुणीतरी करतच असणार. कोलंबो खुन्याला बोलण्यात पकडतो आणि पडद्यावर नावं यायला लागतात. यातले कितीतरी खटले कोर्टात टिकले असते का, यावर चाहते पहिल्यापासून भांडत आलेत. ही फाइल कोर्टात उभी राहावी म्हणून रात्र जागवणारा माणूस क्रेमरच असणार, असं मी धरून चालते. माझ्या तिसऱ्या रकान्यात ते सर्वांत वर आहे.

मिसेस कोलंबोबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तिला पडद्याआड राहू द्या. कोलंबो सतत तिच्याबद्दल बोलतो, ती कधीच दिसत नाही. 'ट्रबल्ड वॉटर्स' (१९७५) मध्ये तर दोघं एकाच जहाजावर सफरीला आलेत, तो तिला शोधत डेकवर हिंडतो, आणि आपल्याला ती शेवटपर्यंत दिसत नाही. १९९० च्या 'रेस्ट इन पीस, मिसेस कोलंबो' मध्ये तिच्या अंत्यविधीचा देखावा आहे, तरीही ती नाहीच. एनबीसीने १९७९ मध्ये 'मिसेस कोलंबो' नावाची वेगळी मालिका काढली, केट मलग्रूला घेऊन. लेव्हिन्सन आणि लिंक यांना ती कल्पनाच मान्य नव्हती. मालिकेचं नाव पुन्हा पुन्हा बदललं, नायिकेचा घटस्फोट दाखवून तिचं आडनाव कॅलहन केलं, आणि १९८० मध्ये १३ भागांवर सगळं आटोपलं. केट मलग्रू गुणी अभिनेत्री आहे, दोष तिचा नव्हता. प्रत्येक प्रेक्षकाने आपापली मिसेस कोलंबो मनात उभी केली होती, तिच्या जागी कुणीही आलं असतं तरी ते दुसरंच कुणीतरी वाटलं असतं.

तरीही ती तुमच्या गोष्टीत येऊ शकते. क्रेमरने फोन उचलला आणि पलीकडून ती बोलतेय, असा प्रसंग घ्या. तिचं एकही वाक्य देऊ नका. क्रेमरची उत्तरं तेवढी द्या. "हो, मिसेस कोलंबो... नाही, जेवलेत की नाही ते मला माहीत नाही... कोट? हो, तोच." ती माणूस म्हणून उभी राहील आणि तरी वाचकाची मिसेस कोलंबो शाबूत राहील. 'मर्डर, शी रोट' या जेसिका नावाच्या रहस्यलेखिकेच्या मालिकेतला शेरीफ मॉर्ट मेट्झगरही आपल्या बायकोबद्दल, अडेलबद्दल, असाच बोलत राहतो, तीही दिसत नाही. त्या मालिकेत लिहायची इच्छा झाली तर जेसिकाच्या गावातलं, कॅबट कोव्हमधलं, लोरेटाचं ब्यूटी पार्लर धरा. तिथल्या बायका गावातली प्रत्येक बातमी जेसिकाच्या आधी ऐकतात आणि तिचा अर्थ मात्र चुकीचा लावतात. त्यांच्या खुर्चीतून सांगितलेला एखादा जुनाच खून किती वेगळा दिसेल!

हिंदीत लिहिणाऱ्या एका ओळखीच्या लेखिकेला मी दूरदर्शनच्या 'ब्योमकेश बक्षी' या गुप्तहेर मालिकेतला (१९९३) नोकर पुतीराम सुचवला होता. बासू चटर्जींच्या त्या मालिकेत ब्योमकेशच्या बायकोचं, सत्यवतीचं, काम आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलं होतं, म्हणून मराठी घरांत त्या अजून आठवतात. सत्यवती मध्यवर्ती आहे, पुतीराम नाही. तो चहा आणतो, दार उघडतो, पाहुण्याला बसवतो. पण कलकत्त्याच्या त्या घरात येणारा प्रत्येक अशील आणि प्रत्येक खुनी आधी त्याच्यासमोर उभा राहतो, ब्योमकेश नंतर. तिने फक्त दार उघडण्याचे प्रसंग लिहिले आणि त्या बाहेर गोष्ट जाऊ दिली नाही. अप्रतिम लिहिलंय.

गोष्ट पूर्ण झाली की टाकायची कुठे, हेही विचारलंत. आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे चाहत्यांनीच चालवलेलं, विनानफा संग्रहस्थळ आहे. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथा क्षेत्रातला पुरस्कारही मिळाला. भाषांच्या यादीत मराठी आहे. टॅग लावताना क्रेमर पहिला आणि कोलंबो दुसरा लावा, नाहीतर कोलंबो शोधत आलेला वाचक निराश होतो आणि क्रेमर शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. कोणत्या भागाशी गोष्ट जोडलीय ते टीपेत सांगा. गोष्ट विकू नका, ही पात्रं आपली नाहीत. वर्षाअखेरीला यूलटाइड नावाची गोष्टींची देवाणघेवाण असते, २००३ पासून चालू आहे, आणि ती मुद्दाम दुर्मीळ, कमी लिहिल्या गेलेल्या मालिका-पुस्तकांसाठी आहे. अशाच ठिकाणी एखाद्या भागात दोन मिनिटं दिसलेल्या माणसावर गोष्ट मागणारे लोक भेटतात. एकदा भाग घेऊन बघा. मागणारा एकच असतो, पण त्याने तो माणूस तुमच्याइतक्याच प्रेमाने पाहिलेला असतो.

तुमच्या मसुद्याचं काय करायचं, ते आता सांगते. खुनाचा सगळा भाग बाजूला काढा. तो वाया जाणार नाही, स्वतंत्र पात्र घेऊन वेगळी रहस्यकथा होईल. शेवटाकडे एक पान आहे, जिथे क्रेमर पार्किंगमध्ये गाडीत बसून एका नव्या शिपायाला समजावतो की लेफ्टनंटनी त्यांचं नेहमीचं 'आणखी एकच गोष्ट' म्हटलं की इंजिन बंद करायचं, कारण आता तासभर निघणं होत नाही. ते पान अस्सल आहे. मसुद्यात क्रेमर मला तिथेच भेटला. ते पान १९९० मध्ये नेऊन ठेवा, शिपायाला विचारू द्या की तुम्ही इतकी वर्षं सार्जंटच कसे, आणि क्रेमर काय उत्तर देतो ते लिहून मला पाठवा.